दोन गाड्यांच्या सहा गाड्या

ही गोष्ट मी लिहून ठेवते आहे, कारण घरात तिच्या तीन आवृत्त्या फिरतात आणि तिन्हींत मूर्ख मीच. चौथी माझी. हिच्यातही मी फार शहाणी दिसत नाही, पण निदान सगळ्यांच्या वाट्याला थोडं थोडं येतं.

आमचा धुलाईचा कारखाना आहे. मी तो एका हौदावर सुरू केला तेव्हा नवरा म्हणाला होता, लोकांची धुणी धुणार का? म्हटलं, घरातली धुतेच आहे फुकट, लोकांची पैसे घेऊन धुते. आता चार मोठी यंत्रं आहेत, वाफेचा बॉयलर आहे, माल पोचवायला दोन गाड्या आहेत. कामाला पन्नास बायका, आणि पुरुष अकरा, मोजायचेच म्हटलं तर.

पहिल्या दिवसापासून माझा एक नियम आहे. एकाचा कपडा दुसऱ्याच्या हौदात पडता कामा नये. प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्याला दोरा: हॉस्पिटलचा हिरवा, हॉटेलांचा निळा, कारखान्यांच्या गणवेशांचा लाल. याच नियमावर मी तीन मुलंही वाढवली. थोरल्याकडे हॉस्पिटल, मधल्या मुलीकडे हॉटेलं, धाकट्याकडे गणवेश. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. दुजाभाव केला असं माझ्या तोंडावर कुणी म्हणू शकत नाही. पाठीमागे म्हणतात, पण ते कुठल्या आईला चुकलं आहे?

मग रोबो आले.

हातपाय असलेले नव्हेत. मीही आधी तसंच समजले होते, आणि इस्त्रीच्या टेबलाजवळ जागा करायला सांगितली होती. हे रोबो कॉम्प्युटरच्या आत असतात. गिऱ्हाइकाची मेल आली की वाचतात, किती चादरी, किती टॉवेल ते भरतात, गाडी कुठली मोकळी आहे बघून तिची वेळ ठरवतात, ड्रायव्हरची चिठ्ठी छापतात आणि गिऱ्हाइकाला कळवतात की गाडी निश्चित. चार माणसं दिवसभर हे करायची आणि त्यातली दोन माझ्या नात्यातली होती, म्हणजे कामाचा हिशेब कसा तो समजा.

संगणकवाला म्हणाला, "मावशी, हे सगळं बाहेरच्या कंपनीच्या मशीनवरही ठेवता येतं. देखभाल तेच करतात."

मी म्हटलं, "माझं धुणं दुसऱ्याच्या दोरीवर मी आजवर वाळत घातलेलं नाही. मशीन माझ्या छपराखाली बसेल."

तेव्हा मशीन खळीच्या खोलीत बसलं. खळीची पिंपं बाहेर उन्हात गेली आणि त्या मशीनला थंड हवेचं यंत्र आलं. पन्नास बायका वाफेत उभ्या, आणि ते लोखंडी कपाट गारव्यात. बायका काही कमी नाहीत. दर तासाला कुणीतरी म्हणायची, "रोबो चालू आहेत का बघून येते हं," आणि दहा मिनिटं आत उभी राहून पदर वाळवून यायची.

चार महिने सुरळीत गेले. सहा रोबोंचे परवाने घेतले होते, म्हणजे एका वेळी सहा जण राबणार. सकाळी हॉस्पिटलची गर्दी, तेव्हा सहाही तिकडे. दुपारी हॉटेलं. संध्याकाळी गणवेश. नदीचं पाणी उताराकडे जातं तसं काम वाटलं जायचं.

पण एका यादीत तिघांचं काम, म्हणजे तिघांना तिघांचं दिसणार. मुलीला दिसलं की थोरला आपल्या प्रत्येक कामापुढे 'तातडीचे' असं लिहितो. धाकट्याला दिसलं की मुलीची गिऱ्हाइकं त्याच्यापेक्षा सात जास्त आहेत. थोरल्याला दिसलं की ही दोघं त्याच्या कामात डोकावतात. जेवायला बसलं की ताटात यादी. शेवटी तिघंही माझ्यासमोर आली आणि लहानपणानंतर पहिल्यांदा तिघांचं एकमत झालं: वेगळं करून दे.

संगणकवाल्याला बोलावलं. चांगला माणूस, पन्नाशीचा, पण बोलताना समोरच्याकडे न बघता पडद्याकडे बघायचा.

"वेगळं करता येतं, मावशी. एकाच मशीनमध्ये तीन बिऱ्हाडं. प्रत्येकाचे रोबो वेगळे, याद्या वेगळ्या, पासवर्ड वेगळे. एकाला दुसऱ्याचं काही म्हणजे काही दिसणार नाही. पण मला विचाराल तर करू नका. बिऱ्हाड एकच ठेवू, आत तीन कप्पे करू. ज्याचा कप्पा त्यालाच दिसेल, आणि रोबो सहाही सगळ्यांचे. जिथे गर्दी तिथे जातील."

"म्हणजे स्वयंपाकघर एक आणि डबे वेगळे."

"तसंच काहीतरी."

"असल्या स्वयंपाकघरात मी सासू आणि दोन नणंदांबरोबर अठरा वर्षं काढली आहेत. तू भिंती घाल."

त्याने भिंती घातल्या. सहा परवाने होते, प्रत्येकाला दोन. मला त्याने सगळ्यांच्या वरची किल्ली दिली, म्हणजे एक पासवर्ड. तो मी कुणाला सांगितलेला नाही आणि इथेही लिहिणार नाही. त्या किल्लीने बिऱ्हाड उघडायचं, बंद करायचं, कुणाला किती रोबो द्यायचे ते ठरवायचं.

"आणि आत काय शिजतंय ते कुठे दिसतं?" मी विचारलं.

"ते नाही दिसत."

"मालकीण मी, आणि मला नाही दिसत?"

"भिंती तुम्हीच सांगितल्यात, मावशी."

माझ्या पडद्यावर तीन नावं आणि तीन हिरवे दिवे. घरमालकिणीने रस्त्यावर उभं राहून आपल्याच घराच्या खिडक्या मोजाव्यात, तसं.

मग त्याने शेवटचं विचारलं. "गाड्यांची यादी कुणाच्या बिऱ्हाडात ठेवू?"

आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळं इथेच बिघडलं. गाड्या थोरल्याकडे दिल्या असत्या, तर मुलगी म्हणाली असती मुलगा ना तो. मुलीकडे दिल्या असत्या, तर धाकटा म्हणाला असता ती लाडकी. धाकट्याकडे दिल्या असत्या, तर दोघं म्हणाली असती शेंडेफळ. मी म्हटलं, "तिघांकडे ठेव."

"दोन्ही गाड्या? तिघांकडे?"

"हो."

"पण मावशी, गाड्या दोनच आहेत ना?"

"गाड्या दोनच आहेत. मुलं तीन आहेत. कर सांगितलं तेवढं."

त्याने माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच, आणि मग टाईप केलं.

पहिला आठवडा घरात इतकी शांतता होती की मला वाटलं कुणी आजारी आहे. तिघंही आपापल्या पडद्यासमोर राजासारखी. टेबलं एकमेकांना लागूनच, पण आता बोलायची गरज उरली नव्हती. थोरल्याला सकाळच्या गर्दीत रोबो कमी पडले, तेव्हा त्याने हाताच्या अंतरावर बसलेल्या बहिणीला मेल लिहिली की एक रोबो तासभर दे. तिच्या रोबोने मेल वाचली आणि उत्तर दिलं की आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे, दोन कामकाजाच्या दिवसांत संपर्क साधू. थोरल्याच्या रोबोला ते उत्तर म्हणजे नवीन ऑर्डर वाटली. त्याने लिहिलं, आपल्या ऑर्डरबद्दल आभार, चादरींची संख्या कळवावी. असं दोघांचं दुपारपर्यंत चाललं. सख्ख्या भावंडांनी एकमेकांशी इतकं नम्रपणे बोललेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग हॉस्पिटलचा माल उशिरा जायला लागला.

हॉस्पिटल हे माझं पहिलं गिऱ्हाईक. पन्नासातल्या चौतीस बायका त्या एकाच कामावर आहेत. तिथली मेट्रन बाई कडक, छातीवर घड्याळ लावणारी. आवाज कधी चढवत नाही, त्यामुळे जास्तच लागतो. सातची गाडी एकदा तर साडेनऊला पोचली, तेव्हा तिने पत्र पाठवलं. दुसऱ्यांदा पोचली तेव्हा एका माणसाचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. चादर नाही म्हणून. बिचारा रात्रभर उपाशी होता, आणि पुन्हा उपाशी ठेवला. ते ऐकून मला स्वतःची लाज वाटली, आणि मला लाज वाटायची सवय नाही.

मंगळवारी तिचा फोन आला. घेतला थोरल्या सुनेने. थोरल्याची ही बायको पुढच्या टेबलावर फोन सांभाळते. तिच्याकडे विभाग नाही, रोबो नाही, फक्त फोन. म्हणजे शिव्या ज्या येतात त्या तिच्या कानात. तिने फोन माझ्या हातात दिला.

मेट्रन म्हणाली, "आजी, गुरुवारी सकाळी आमची बारा ऑपरेशनं आहेत. सात वाजता माल दारात हवा. नाही आला तर त्याच दिवशी अकरा वाजता दुसऱ्या धुलाईवाल्याचा माणूस येणार आहे. मी त्याला वेळ देऊन ठेवली आहे."

मला आजी म्हटलेलं आवडत नाही. पण बोलायची ती वेळ नव्हती.

थोरल्याला विचारलं. त्याने पडदा दाखवला: गाडी निश्चित, सात वाजता. मागच्या दोन वेळचंही तसंच, निश्चित, निश्चित. आणि खाली रोबोने स्वतःच लिहिलं होतं: विलंबाचे कारण, चालक.

"बघ," तो म्हणाला, "ड्रायव्हरच आळशी आहे. निवांत नाव उगाच नाही पडलं त्याला."

मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरला सगळे निवांत म्हणतात. छोटी गाडी चालवतो तो त्याचा साडू. निवांत वीस वर्षं माझ्याकडे आहे. निवांत आहे खरा, पण दिलेल्या जागी दिलेल्या वेळी निवांत पोचतो. म्हणून बुधवारी दुपारी मी स्वतः खाली गाडीशी गेले. तो सीटवर मागे रेलून बसला होता. मला बघून अर्धा उठला.

"काय रे, सातची गाडी साडेनऊला कशी पोचते?"

"कुठली सातची, बाई?"

"कुठली म्हणजे? हॉस्पिटलची."

"तसं नाही, सातच्या तीन असतात ना रोज." त्याने समोरच्या खणातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. "ही हॉटेलची, सात वाजता. ही गणवेशांची, सात वाजता. ही हॉस्पिटलची, तीही सात वाजता. साडूकडेही अशाच तीन."

"आणि तू जातोस कुठे?"

"जी आधी छापली तिकडे आधी. वर वेळ असते बघा. हॉटेलची पहाटे चारला छापते. गणवेशांची चार दहाला. हॉस्पिटलची पावणेसहाला."

हॉस्पिटलच्या दोन रोबोंवर कामाचा डोंगर, म्हणून त्यांची चिठ्ठी शेवटी. बाकीचे चौघे रिकामे, म्हणून त्यांची आधी. म्हणजे आमच्याकडे ज्याला काम कमी त्याला गाडी पहिली. असं सरकारी कचेरीत होतं हे माहीत होतं, माझ्या छपराखालीही चालू आहे हे माहीत नव्हतं.

"अरे, मग बोलायचं नाही का? महिना झाला."

"मला वाटलं घरातलं आहे," निवांत म्हणाला. "तीन मुलं, तीन चिठ्ठ्या. भावंडांच्या भांडणात ड्रायव्हरने कशाला पडावं, बाई. थोरले साहेब म्हणाले तू आळशी, मी म्हटलं बरं."

मी तिथेच गाडीच्या पायरीवर बसले. माझ्याकडे गाड्या दोन. प्रत्येक भिंतीआड दोन्ही लिहिलेल्या, म्हणजे मशीनच्या हिशेबाने सहा. एका बिऱ्हाडाने गाडी धरली हे दुसऱ्याला दिसत नाही, कारण काहीच दिसत नाही, कारण मीच तसं सांगितलं. तिन्हीकडचे रोबो आपापल्या खोल्यांत बसून एकच गाडी सात वाजता तीन दिशांना पाठवत होते. आणि सगळेच खरं बोलत होते.

वर येऊन संगणकवाल्याला बोलावलं. तो अर्ध्या तासात आला.

"तीन बिऱ्हाडं पुन्हा एक करायला किती वेळ?"

"एक म्हणून होत नाहीत, मावशी. नवीन मांडायचं, सगळं उचलून न्यायचं, तपासायचं. चार दिवस."

"मला उद्या सकाळी सातच्या आत हवं."

तो पडद्याकडे बघत म्हणाला, "मग दोन बिऱ्हाडं बंद करा. उरलेल्याला सहाही परवाने द्या. गाड्या त्याच्या एकट्याच्या होतील. पण ज्यांचं बंद कराल त्यांच्या मेल कुणी वाचणार नाही, चिठ्ठ्या निघणार नाहीत. ते फक्त वरच्या किल्लीनेच होतं. म्हणजे तुमच्याच हाताने."

एका मुलाचं चालू आणि दोघांचं बंद. उभ्या जन्मात जे केलं नव्हतं ते, आणि तेही सगळ्यांदेखत.

घड्या घालायच्या मोठ्या टेबलाभोवती तिघांना उभं केलं. सून फोनपाशी होती, तिलाही बोलावलं. गाड्यांचं सांगितलं. सांगून संपायच्या आत सुरू.

"माझं बंद करू नकोस," धाकटा म्हणाला. "उद्या चारशे गणवेश आहेत."

"माझ्याकडे उद्या दोन परिषदा," मुलगी म्हणाली. "तीनशे टेबलक्लॉथ. बंद करायचं तर दादाचं कर, त्याचाच माल रोज उशिरा जातो."

"उशीर माझ्यामुळे नाही," थोरला म्हणाला. "मला दोन रोबो आणि तुलाही दोन. तुझे दोघे अर्धा दिवस झोपलेले."

"झोपलेले नसतात. उपलब्ध असतात."

"मी एक मागितला होता ना तुझ्याकडे?"

"मेल आली होती. माझ्या रोबोने उत्तर दिलं की."

"अगं, मी तुझ्या शेजारी बसतो."

"मग तोंडाने मागायचं."

"तोंडाने मागितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"ते तर म्हणालेच असते."

धाकटा मध्येच म्हणाला, "पण गाड्या तिघांच्या यादीत घातल्या कुणी? हे संगणकवाल्याचं काम. त्याला इतकंही कळू नये? आई, तू त्याचे पैसे काप."

संगणकवाला कोपऱ्यात उभा होता. काही बोलला नाही. बोलला असता तरी चाललं असतं, पण तो बोलला नाही, आणि तेच मला जड गेलं. मीही गप्प राहिले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. पैसे त्याचे कापले गेले असते, आणि आईचं नाव शाबूत.

"मी घातल्या," मी म्हटलं. "त्याने विचारलं होतं, गाड्या दोनच ना म्हणून. मी त्याला गप्प केलं. चूक माझी आहे."

मुलगी म्हणाली, "आई, परत म्हण जरा. बॉयलरच्या आवाजात ऐकू आलं नाही."

"बॉयलर बंद आहे."

"तरी."

"एकदाच मिळतं ते. ज्याने ऐकलं त्याने जपून ठेवावं." मी खळीच्या खोलीकडे निघाले. "हॉस्पिटलचं चालू राहील. तुम्हा दोघांचं चार दिवस बंद. चौतीस बायकांचा प्रश्न आहे. रुसायचं तर चार दिवसांनी रुसा, तेव्हा मलाही वेळ असेल."

दोन नावांपुढची खूण मी काढली, संगणकवाल्याने दाखवली तशी. मशीनने विचारलं, आपली खात्री आहे का? या घरात मला हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी हो वर बोट ठेवलं. दोन हिरवे दिवे करडे झाले. सहाही परवाने थोरल्याकडे गेले. मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिने ज्या तऱ्हेने केस मागे सारले ते मी ओळखते. ती तिच्या आजीची तऱ्हा आहे.

तरी मदतीला उभी राहिली ती. संध्याकाळभर ती आणि सून दोन फोनांवर बसल्या आणि हॉटेलांच्या, कारखान्यांच्या ऑर्डरी तोंडाने घेतल्या, हाताने लिहिल्या. धाकट्याने चारशे गणवेशांची गाडी कारखान्याच्या माणसाशी बोलून अकरावर नेली. नंतर मला म्हणाला, "आई, त्यांना सात वाजता नकोच होती. त्यांचा दरवाजा आठला उघडतो. रोबो सात लिहायचा म्हणून त्यांचा पहारेकरी रोज लवकर यायचा. तो आपल्याला दुवा देतोय."

गुरुवारी सकाळी मी निवांतच्या शेजारी बसून स्वतः गेले. दाराशी पोचलो तेव्हा सातला आठ मिनिटं कमी होती. मेट्रन बाई बाहेरच उभी होती. तिने घड्याळ बघितलं नाही, गठ्ठे बघितले. एक उघडला, चादरीचा काठ चिमटीत धरला, शिलाई पाहिली, बंद केला. बारा मोजले. मग गठ्ठे आत गेल्यावर म्हणाली, "आता सांगा. इतके दिवस काय होत होतं?"

खोटं तयार होतं, वाटेत दोन-तीन रचली होती. पण काल एकदा खरं बोलून बसले होते, आणि दुसऱ्यांदा ते सोपं जातं. सगळं सांगितलं. तीन बिऱ्हाडं, सहा गाड्या, पावणेसहाची चिठ्ठी.

ती हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडे ऑपरेशन थिएटर वेगळं आणि भांडार वेगळं केलं आहे. थिएटरला दिसतं की चादरी मागवल्या. भांडाराला दिसतं की कुणी मागितल्याच नाहीत. मी मधल्या जिन्यात उभी राहून दोन्हीकडे ओरडते. तेवढ्यासाठी मला मेट्रन ठेवलं आहे असं आता वाटतं."

"आवाज चढवता तर तुम्ही?"

"जिन्यात चढवते." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "आमची ऑपरेशनांची यादी तुमच्याकडे येते. त्यात पेशंटची नावं असतात. ती तुमच्याकडे कोण कोण बघतं?"

"माझा थोरला आणि त्याच्या विभागातली दोन माणसं. हॉटेलांच्या बाजूला दिसत नाही, गणवेशांच्या बाजूला दिसत नाही. मलासुद्धा दिसत नाही."

"तुम्हाला का नाही?"

"भिंत आहे."

"ती तेवढी राहू द्या," ती म्हणाली. "अकराच्या माणसाला मी येऊ देणार आहे. दर विचारून घेईन. तुम्हाला तीन महिने देते. दोन अटी. आमचं बिऱ्हाड वेगळंच राहिलं पाहिजे. आणि गाडी कुठे आहे हे विचारलं, तर मला माणसाचा आवाज हवा. निश्चित हा शब्द मला पुन्हा वाचायचा नाही."

परतताना निवांत म्हणाला, "काम राहिलं ना, बाई?"

"तीन महिने राहिलं."

"मग बरं," तो म्हणाला, आणि निवांत गाडी चालवायला लागला.

संगणकवाला चार दिवस खपला. हॉस्पिटलचं बिऱ्हाड भिंतीआड वेगळं ठेवलं. संगणकवाल्यापाशी मी एवढंच म्हटलं की भिंतीचं माझं अगदीच चुकलं नव्हतं. तो म्हणाला, "एका भिंतीचं नव्हतं, मावशी." हॉटेलं आणि गणवेश एका बिऱ्हाडात, दोन कप्पे करून. त्यावर मुलगी आणि धाकटा अजून भांडतात, कुणाच्या कप्प्याचं नाव वर दिसतं यावरून. भांडोत. तोंडाने भांडतात, हे काय कमी आहे?

राहिल्या गाड्या. त्या तिन्ही याद्यांतून काढल्या. रोबो आता फक्त मागणी लिहितो. गाडी कुणाला ते माणूस ठरवणार. कुठलं माणूस, यावर पुन्हा टेबलाभोवती उभं राहावं लागलं. मला वाटलं होतं माझं नाव निघेल. निघालं नाही. माझ्या चुकीचा उल्लेखही कुणी केला नाही, फक्त तिघंही छताकडे बघायला लागली.

मग मीच म्हटलं, "सूनबाई बघेल. तिचा विभाग नाही, तिचा रोबो नाही. आणि उशीर झाला की फोन तिलाच येतो."

"ती दादाची बायको," धाकटा म्हणाला. "तिच्याकडे म्हणजे दादाकडेच."

सून शांतपणे म्हणाली, "भाऊजी, यांना नाही म्हणायची मला बारा वर्षांची सवय आहे. तुम्हालाच नवीन लागेल." थोरला काही बोलला नाही, म्हणजे ते खरं असावं.

तिने फळ्यावर दोन रेघा मारल्या, मोठी आणि छोटी, आणि तास लिहिले. तेव्हापासून हॉस्पिटलची गाडी एकदाही चुकली नाही. मेट्रनचा फोन येतो, सून उचलते, "वळणावर आहे, सहा मिनिटं" म्हणते, आणि सहा मिनिटांत पोचते.

मागच्या आठवड्यात मला बहिणीकडे जायचं होतं. तिचं गुडघ्याचं दुखणं, बघून यावं म्हटलं. सकाळी तयार होऊन खाली गेले आणि निवांतला म्हटलं, काढ गाडी.

तो जागचा हलला नाही. "वहिनींना विचारलं का?"

"गाडी कुणाची आहे रे?"

"तुमचीच आहे, बाई. पण फळ्यावर नाव नाही."

वर गेले. सून फोनवर होती. फोन ठेवून तिने फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "आई, सात ते नऊ हॉस्पिटल आहे. नऊला गणवेश. साडेनऊला छोटी मोकळी होते, ती देऊ?"

तिघंही आपापल्या टेबलावर होती. तिघांनीही मान वर केली नाही. कान मात्र सगळे माझ्याकडे.

"दे," मी म्हटलं.

तिने साडेनऊच्या खाली 'आई' लिहिलं. मी पुढच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले, आणि साडेनऊ वाजेपर्यंत थांबले.